नांव हरवलेला चितारी

श्रोतेहो, इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम नांवें येतात. राजांचीं, सेनापतींचीं, लढायांचीं. आणि त्या नांवांपुढें मांडलेले सन. माझें आयुष्य शिक्षकाच्या पेशांत गेलें, आणि मुलांकडून हीं नांवें व हे सन घोकून घेण्याचें काम मींहि वर्षानुवर्षें केलें. आज मात्र एका अशा माणसाचा इतिहास तुम्हांला सांगावयाचा आहे, कीं ज्याचें नांवच जगांत कोणाला ठाऊक नाहीं. तो कोठें जन्मला, त्याचा बाप कोण, त्याला मुलेंबाळें होतीं कीं नाहीं, तो केव्हां वारला, यांपैकीं एकाहि प्रश्नाला उत्तर नाहीं. आणि तरीहि त्याच्या हातचीं अशीं सुमारें तीनशें पात्रें व पात्रांचे तुकडे आज ओळखून काढलेले आहेत. त्याचें तारुण्य, त्याची भरज्वानी आणि उतारवयांत थकलेला त्याचा हात, हें सारें त्यांत दिसतें.

हा माणूस ग्रीस देशांतील अथेन्स शहरीं, इसवी सनापूर्वीं सहाव्या शतकाच्या अखेरीस व पांचव्या शतकाच्या पूर्वार्धांत, मातीच्या भांड्यांवर चित्रें काढून पोट भरीत असे. विद्वान् लोक त्याला ‘बर्लिनचा चितारी’ म्हणतात. याचा अर्थ तो बर्लिनचा राहणारा होता असा नव्हे. त्याच्या काळीं बर्लिन शहराचा मागमूसहि नव्हता. त्यानें रंगविलेला एक अप्रतिम घट बर्लिनच्या पुराणवस्तुसंग्रहालयांत आहे, आणि नांव सांपडत नाहीं म्हणून त्या घटाच्या मुक्कामाचेंच नांव त्याला चिकटविलें आहे.

नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं. तेव्हां तें शब्दांनींच उभें करावें लागेल. झाकणासह सुमारें ८० सेंटिमीटर, म्हणजे अडीच फुटांहून थोडा अधिक उंचीचा, पोटाशीं फुगीर आणि दोहों बाजूंना कान असलेला एक घट कल्पा. ग्रीक लोक अशा घटाला ‘अँफोरा’ म्हणत आणि अशा घटांत मद्य किंवा तेल सांठवीत. घटाचें सारें अंग काळेंभोर आणि तकतकीत आहे. त्या काळोखाच्या मधोमध, भाजलेल्या मातीच्या तांबूस रंगांत, तीन आकृति आहेत. देवांचा दूत हर्मीझ मद्याचा पेला व सुरई घेऊन चालला आहे. त्याच्याशीं जणूं एकजीव झालेला एक सॅटिर, म्हणजे घोड्याचे कान व घोड्याचें शेपूट असलेला ग्रीक पुराणांतील वनचर, हातांत तंतुवाद्य घेऊन आहे. आणि दोघांच्या मध्यें हरणाचें एक पाडस आहे. तिन्ही आकृति एकीवर एक अशा आल्या आहेत, कीं त्यांची बाहेरची कड मिळून एकच रेषा होते. भोंवतीं चौकट नाहीं, झाड नाहीं, घर नाहीं. चोहोंकडे केवळ काळोख, आणि त्या काळोखांत उजळलेली ही त्रयी!

या घटावर अक्षरेंहि आहेत. हर्मीझचें नांव लिहिलें आहे. त्या सॅटिराचें नांव ‘ओरेइमाखोस’ म्हणून दिलें आहे, आणि पाठीमागच्या बाजूस जो दुसरा सॅटिर आहे त्यालाहि स्वतंत्र नांव आहे. जे कधीं जन्मलेच नाहींत त्या वनचरांचीं नांवें चितार्‍यानें आठवणीनें लिहिलीं. स्वतःचें मात्र लिहिलें नाहीं!

आतां हीं चित्रें काढीत कशीं तें पाहूं, कारण त्या रीतींतच या माणसाच्या ओळखीची किल्ली आहे. अथेन्सच्या वायव्येस ‘केरामेइकोस’ नांवाचा भाग होता. आपण त्याला कुंभारवाडा म्हणूं. तेथें प्रथम काळ्या आकृतींची चाल होती. तांबड्या भांड्यावर काळ्या रंगानें आकृति भरावयाची आणि डोळा, स्नायु, वस्त्राच्या चुण्या वगैरे बारकावे टोंकदार हत्यारानें कोरावयाचे. इसवी सनापूर्वीं ५३० ते ५२० च्या सुमारास कोणाच्या तरी मनांत आलें, कीं हें सारें उलटें करून पाहावें. आकृति मातीच्या रंगाची ठेवावी व भोंवतालची भूमि काळी करावी. बदल दिसावयास लहान, पण परिणाम फार मोठा झाला. कोरण्याच्या सुईच्या जागीं कुंचला आला. दंडाची गोलाई, बरगड्यांचा उठाव, घोट्याचें हाड, पातळ वस्त्राची लाट, हीं सर्व आतां वाहत्या रेषेनें काढतां येऊं लागलीं. रेषा दाट काढली तर ती पृष्ठभागावर किंचित् उठून बोटालाहि लागते. पातळ काढली तर ती मधासारखी पिंवळट उमटते. हीच ती ‘रक्ताकृति’ पद्धति, आणि आपला चितारी तिच्या पहिल्या बहराच्या काळांतला.

गंमत अशी, कीं हा काळा रंग वास्तविक रंगच नव्हे. तीच लोहयुक्त माती पाण्यांत कालवून, निवळून, तिचा अगदीं बारीक अंश तेवढा घ्यावयाचा आणि त्याचा लेप द्यावयाचा. सारी जादू भट्टींत होई. प्रथम भट्टीला मोकळी हवा देऊन भांडें भाजीत, तेव्हां तें सगळें तांबडें होई. मग ताप आणखी वाढवून, हवेची वाट बंद करून, ओलें लांकूड घालून धूर कोंडीत. तेव्हां तें सगळें काळें पडे. शेवटीं भट्टी निवत असतां पुन्हां हवा आंत सोडीत. मग ज्या भागीं लेप नसे ती सच्छिद्र माती हवा पिऊन परत तांबडी होई. पण लेपाचा बारीक अंश तापानें कांचेसारखा मिटून गेलेला असल्यामुळें त्यांत हवा शिरत नसे, आणि तो काळाच राही. एकाच भट्टींत, एकाच मातीचे दोन रंग! ही युक्ति ग्रीकांनंतर विसरली गेली. ती उकलण्याचें मोठें श्रेय थिओडोर शुमान या जर्मन रसायनज्ञाकडे जातें. त्याचा शोध १९४२ सालीं प्रसिद्ध झाला. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं चितारी कुंचला चालवी तेव्हां त्याच्यापुढें हा झगझगीत काळा-तांबडा भेद नसेच. कच्च्या मातीवर मातीचाच लेप. भट्टीनंतर काय दिसेल तें त्याला मनांतच पाहावें लागे.

हीं पात्रें आज रोम, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क अशा शहरांत पसरलीं, तीं बव्हंशीं अथेन्समधून नव्हेत, तर इटालींतल्या थडग्यांतून. मध्य इटालींत एट्रस्कन नांवाचे संपन्न लोक राहत. त्यांना अथेन्सच्या भांड्यांची फार आवड. जहाजें भरभरून तीं भांडीं तिकडे जात आणि शेवटीं मालकाबरोबर थडग्यांत ठेवलीं जात. भूमीच्या पोटांत तीं दोन हजारांहून अधिक वर्षें सुखरूप राहिलीं. १८२८ सालीं व्हुल्ची या ठिकाणीं नांगरट चालली असतां जमीन खचली आणि खालीं एक थडगें उघडें पडलें. नेपोलियनचा भाऊ ल्यूसियें बोनापार्ट याची जहागीर तेथेंच होती. त्यानें खोदकाम आरंभिलें आणि थोड्याच अवधींत हजारों चित्रित पात्रें वर आलीं. बर्लिनचा तो घटहि व्हुल्चीचाच. या लुटालुटीच्या उत्खननांत काय काय नासलें त्याला गणती नाहीं. जॉर्ज डेनिस या इंग्रज प्रवाशानें १८४८ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे, कीं व्हुल्चीस चित्र नसलेलीं साधीं भांडीं मजूर पायांखालीं तुडवीत, आणि तशी त्यांना आज्ञाच होती. कारण त्यांना बाजारांत किंमत नव्हती.

इटालींत सांपडलीं म्हणून हीं पात्रें एट्रस्कनच असा समज कित्येक वर्षें रूढ होता. विलायतेंत जोसाया वेजवूड यानें १७६९ सालीं चिनी मातीच्या भांड्यांचा नवा कारखाना काढला, त्याचें नांवहि त्यानें ‘एट्रूरिया’ ठेविलें. पुढें पात्रांवरील ग्रीक अक्षरें वाचलीं गेलीं तेव्हां हीं अथेन्सचीं हें निश्चित झालें. कांहीं पात्रांवर ‘अमक्यानें घडविलें’, ‘अमक्यानें रंगविलें’ अशा सह्याहि आढळल्या. युफ्रोनिओस, युथिमिडीस असे चितारी नांवानिशीं पुढें आले. युथिमिडीसनें तर आपल्या एका घटावर, ‘असें काम युफ्रोनिओसला कधींच जमलें नाहीं’ अशा अर्थाची फुशारकी लिहून ठेवली आहे. कुंभारवाड्यांतली ही चढाओढ वाचून आजहि हंसूं येतें. पण सही असलेलीं पात्रें हजारांत थोडीं. बाकीच्या निनांवी पात्रांच्या ढिगाचें काय करावयाचें, हा प्रश्न तसाच राहिला.

या प्रश्नाला उत्तर देणारा पुरुष म्हणजे जॉन डेव्हिडसन बीझली. त्याचा जन्म १८८५ चा, स्कॉटलंडांतील ग्लासगोचा. आयुष्य ऑक्सफर्डच्या विद्यापीठांत गेलें. मृत्यु १९७० सालीं. १९११ सालीं, वय पंचविशीचें असतां, त्यानें बर्लिनच्या त्या घटावर एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या हातानें हा घट रंगविला त्याच हाताचीं दुसरींहि पात्रें निरनिराळ्या संग्रहालयांत विखुरलेलीं आहेत, असें त्यानें एकेक खूण दाखवून सिद्ध केलें. त्या दिवशीं हा चितारी अडीच हजार वर्षांनीं पुन्हां जन्मास आला म्हणावयास हरकत नाहीं.

बीझलीची रीत काय होती? इटालींत जोव्हान्नी मोरेल्ली नांवाचा एक कलापरीक्षक होऊन गेला. त्याचें म्हणणें असें, कीं चित्र कोणाचें हें ओळखावयाचें तर चित्राचा विषय, भाव, थाट यांवर जाऊं नका. त्यांची नक्कल शिष्य करतात. कानाची पाळी, बोटाचें नख असल्या क्षुल्लक गोष्टी पाहा. तेथें चितार्‍याचें लक्ष नसतें, हात आपल्या संवयीनें चालतो, आणि म्हणून तेथेंच त्याचें खरें रूप उघडें पडतें. हें तत्त्व बीझलीनें ग्रीक पात्रांना लाविलें. घोट्याचें हाड कसें वळविलें आहे, गुडघ्याची वाटी किती रेषांत काढली आहे, गळ्याखालचीं हाडें कोठें थांबतात, कानाचा आकार कसा, हें तो संग्रहालयांतून हिंडून पेन्सिलीनें उतरून घेई.

आमच्या पेशांतल्या कोणालाहि या रीतीचें नवल वाटूं नये. उत्तरपत्रिकेवर मुलानें नांव घातलें नसलें म्हणून शिक्षक अडून बसत नाहीं. वर्षभर ज्याच्या वह्या तपासल्या त्याचा ‘ण’ कसा, त्याचा काना किती तिरपा, ओळ शेवटीं वर चढते कीं खालीं उतरते, हें डोळ्यांत बसलेलें असतें; आणि पत्रिका पाहतांच ‘ही अमक्याची’ असें तोंडून निघतें. कित्ता सर्वांना एकच दिलेला असतो, तरी अक्षर प्रत्येकाचें निराळें. अथेन्सच्या कुंभारवाड्यांतहि कित्ता एकच होता; तेच देव, तेच वीर, तीच भट्टी. पण हात ज्याचा त्याचा.

या चितार्‍याचा हात कसा होता? पहिली गोष्ट, त्याला गर्दी आवडत नसे. इतर लोक पात्राची बाजू आकृतींनीं भरून टाकीत. हा बहुधा पात्राच्या एका बाजूस एकच आकृति ठेवी, आणि तिच्या पायांखालीं काटकोनी वळणांच्या नक्षीची एक आंखूड पट्टी. बाकी सर्व काळें. आकृति सडपातळ, उंच, डोकें लहान. आणि तिची बाहेरची रेषा पात्राच्या गोलाईला अशी मिळती, कीं चित्र भांड्यावर काढलें नसून भांड्यांतूनच उमललें असें वाटावें. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत त्याचें एक मोठें पात्र आहे. त्यावर गॅनिमीड हा सुंदर राजकुमार एका हातानें कडें पळवीत आहे व दुसर्‍या हातांत कोंबडा आहे. आपल्याकडील मुलें काठीनें कडें पळवितात तसाच हा खेळ. पाठीमागच्या बाजूला देवांचा राजा झ्यूस आहे. तो त्या मुलाला हरण करून नेणार. मुलाला त्याची पुरती कल्पना नाहीं. दोघांच्या मध्यें पात्राचा काळा फुगवटा आहे. दोघे एका दृष्टिक्षेपांत दिसत नाहींत. पाहणार्‍यानें भोंवतीं फिरावें, तेव्हां गोष्ट पुरी होते!

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयांत १९५६ सालीं दाखल झालेला त्याचा एक घट आहे, तो मला सर्वांत मोठा वाटतो. त्यावर एक तरुण गवई ‘किथारा’ नांवाचें मोठें तंतुवाद्य वाजवून गात आहे. त्याचें मस्तक मागें झुकलें आहे, तोंड उघडें आहे, देह तानेबरोबर डुलत आहे, आणि वाद्याला बांधलेलें झालरीचें वस्त्र त्या डुलण्यानें हेलकावत आहे. मागल्या बाजूस हातांत काठी घेतलेला एक मनुष्य उभा आहे. तो स्पर्धेचा परीक्षक असावा किंवा गवयाचा गुरु. एवढेंच चित्र. सभा दाखविलेली नाहीं, रंगमंच नाहीं. पण गाणें ऐकूं यावें इतकें तें जिवंत आहे.

याचा अर्थ तो नुसत्या एकट्या आकृतीच काढी असा नाहीं. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील एका पात्राच्या गळ्यावर त्यानें ट्रॉयच्या युद्धांतील दोन द्वंद्वें काढलीं आहेत. एका बाजूला अकिलीझ व हेक्टर, दुसर्‍या बाजूला अकिलीझ व मेम्नॉन. खालचें सारें मोठें पोट त्यानें काळें, कोरेंच ठेविलें आहे. मेम्नॉनच्या बाजूस दोन्ही वीरांच्या आया आपापल्या मुलाच्या पाठीशीं उभ्या आहेत; त्यांतील एकीचा मुलगा आतां पडणार. रोममध्यें, व्हॅटिकनच्या संग्रहांत, पाण्याच्या एका घागरीवर त्याचा अपोलो पंख फुटलेल्या तिवईवर बसून समुद्रावरून उडत आहे आणि खालीं लाटांत डॉल्फिन मासे उड्या घेत आहेत. अशी हलकी, आनंदी कल्पनाहि त्याला सुचे.

आतां थोडें त्याच्या धंद्याविषयीं. अथेन्समध्यें अथीना देवीच्या मोठ्या उत्सवांत खेळांच्या शर्यती होत आणि विजयी वीरांना पवित्र ऑलिव्ह झाडांच्या तेलानें भरलेले घट बक्षीस मिळत. त्या घटांवर जुन्या चालीप्रमाणें काळ्याच आकृति काढावयाच्या असा दंडक असे. हें सरकारी काम आपल्या चितार्‍यालाहि मिळालें होतें. या घटांवर अथीनेच्या ढालीवर एक चिन्ह असे. याचा समकालीन जो ‘क्लेओफ्राडीसचा चितारी’, तो त्या ढालीवर पंखांचा घोडा काढी. आपला चितारी गॉर्गन राक्षसिणीचें मुख काढी. पुढें अकिलीझच्या चित्रावरून ज्याला ‘अकिलीझचा चितारी’ म्हणतात, त्यानें असे बक्षिसाचे घट रंगविले, तेव्हां त्याच्याहि अथीनेच्या ढालीवर तेंच गॉर्गनचें मुख आलें. हा शिष्य! गुरूच्या दुकानाचें चिन्ह त्यानें पुढें चालविलें. या शिष्यानें पांढर्‍या भूमीवर काढलेलीं शांत, करुण चित्रें ग्रीक कलेचें भूषण समजलीं जातात. म्हणजे ज्याचें नांव नाहीं त्याची परंपराहि आज आपल्याला वाचतां येते.

हें सर्व कोणत्या दिवसांत घडत होतें? तो उमेदवारीच्या वयांत असतां अथेन्समध्यें लोकसत्तेची नवी घडी बसली. ४९० मध्यें मॅरेथॉनची लढाई झाली. ४८० मध्यें इराणच्या सैन्यानें अथेन्स जाळलें. लोक घरेंदारें सोडून जहाजांत बसले. पुढच्याच वर्षीं परत येऊन त्यांनीं भट्ट्या पुन्हां पेटविल्या. आपला चितारी या सगळ्यांतून गेला असला पाहिजे, कारण त्याचें काम त्यानंतरहि चालू आहे. पण तें काम आतां पूर्वींचें नाहीं. उतारवयांतल्या पात्रांवर रेषा सैल पडली आहे, आकृति संवयीच्या झाल्या आहेत, पूर्वीं जेथें हात थांबून विचार करी तेथून तो घाईनें पुढें जातो. कित्येक पात्रांविषयीं तर विद्वानांत वाद आहे, कीं हीं म्हातार्‍या गुरूचीं कीं त्याच्या हाताखालच्या पोरांचीं. हें वाचून मन कष्टी होतें. पण मला त्यांत एक समाधानहि वाटतें. केवळ उत्तम तेवढेंच वेंचून ठेविलें असतें तर तो एक देवमाणूस झाला असता. थकलेल्या हाताच्या रेषाहि बीझलीनें त्याच्याच म्हणून पदरीं घातल्या, म्हणून तो माणूस राहिला.

आतां आक्षेपांचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, हें सारें अंदाजावर अंदाज नव्हे काय? सह्यांचा आधार तरी बरा. पण सह्यांनींहि फसवावें असा एक किस्सा आहे. क्लेओफ्राडीसच्या चितार्‍याचें खरें नांव मिळालें अशी अनेक वर्षें समजूत होती, कारण बर्लिनमधील त्याच्या एका पात्रावर ‘एपिक्टेटोस’ अशी सही होती. पुढें ती सही अर्वाचीन काळीं कोणी तरी घातलेली, बनावट, असें ठरलें. जॉन बोर्डमन यांनीं १९८१ सालीं त्या नांवाला रीतसर निरोप दिला. नांव गेलें, पण त्यामुळें एकहि पात्र त्याच्या यादींतून गळलें नाहीं! आपल्या चितार्‍यालाहि नांव देण्याचा मोह झालाच. अथेन्सच्या बाजारपेठेच्या उत्खननांत एक प्याला सांपडला. त्यावर ‘गॉर्गोस’ नांवाच्या कुंभाराची सही आहे. मार्टिन रॉबर्टसन या विद्वानानें १९५८ सालीं असें मांडलें, कीं हें चित्र आपल्या चितार्‍याच्याच अगदीं पहिल्या दिवसांतलें आहे. सर्वांना तें पटलें नाहीं; आणि पटलें तरी ‘घडविलें’ म्हणून ज्याची सही आहे तोच चित्र काढणारा, असें त्यावरून ठरत नाहीं. म्हणून जाणते लोक अजूनहि ‘बर्लिनचा चितारी’ एवढ्यावरच थांबतात. थांबतां येणें हाहि विद्वत्तेचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. मायकेल व्हिकर्स व डेव्हिड गिल यांनीं १९९४ सालच्या आपल्या पुस्तकांत विचारलें, कीं तुम्ही या कुंभारांना एवढे मोठे कलावंत कां समजतां? श्रीमंतांच्या घरीं सोन्यारुप्याचीं भांडीं असत. हीं मातीचीं त्यांची स्वस्त नक्कल. किंमतीपुरतें त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. पात्रांच्या तळाशीं खरडलेल्या आंकड्यांवरून मोठ्या चित्रित पात्रालाहि दोनतीन द्राख्मेच पडत असें दिसतें. आणि त्याच शतकाच्या अखेरीस अथेन्समध्यें कारागिराची दिवसाची मजुरी एक द्राख्मा होती. म्हणजे दोनतीन दिवसांच्या मजुरींत हा घट घरीं येई. पण किंमत कमी म्हणून काम हलकें, हा न्याय आपण कबूल करावा काय? सोन्यारुप्याचीं भांडीं वितळवून त्यांचीं नाणीं पाडलीं गेलीं. मातीला कोणी वितळवीत नाहीं. स्वस्तपणा हेंच या चित्रांचें कवच झालें.

मात्र आज ती स्वस्ताई उरलेली नाहीं, आणि त्यांतून एक अनर्थ ओढवला आहे. पात्र अमक्या हाताचें असें ठरलें कीं त्याचा भाव चढतो. भाव चढला कीं चोर थडगीं फोडतात. मेट्रोपोलिटन संग्रहालयानें १९७२ सालीं युफ्रोनिओसचें एक पात्र दहा लक्ष डॉलरांना घेतलें. तें इटालींतल्या थडग्यांतून चोरून खणलेलें निघालें आणि २००८ सालीं इटालीस परत करावें लागलें. चोरून काढलेल्या पात्राचा चितारी आपण ओळखूं शकतों. पण तें कोणाच्या उशाशीं ठेविलें होतें, शेजारीं काय होतें, हें ज्ञान मात्र कायमचें नष्ट होतें. एका निनांवी माणसाला ओळखण्याच्या भरांत दुसरा निनांवी माणूस, ज्याचें तें थडगें, तो पुसला जाऊं नये.

२०१७ सालीं अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें, व नंतर टोलीडो येथें, या चितार्‍याच्या नांवानें, म्हणजे त्याच्या नसलेल्या नांवानें, मोठें प्रदर्शन भरलें. निरनिराळ्या देशांत पांगलेलीं त्याचीं पात्रें एका छपराखालीं आलीं. कुंभारवाड्यांतल्या त्याच्या शेजार्‍यांना हें सांगितलें असतें तर त्यांनीं थट्टाच समजली असती.

श्रोतेहो, इतिहासांत नांव राहावें म्हणून पराक्रमी लोकांनीं स्तंभ उभारले, शिलालेख कोरविले. त्यांतलीं कित्येक नांवें आपण वाचतों, पण त्यांपलीकडे त्या माणसाविषयीं कांहींच कळत नाहीं. नांव आहे, माणूस नाहीं. या चितार्‍याची स्थिति नेमकी उलट आहे. त्याला काय आवडे, काय नकोसें वाटे, कोठें तो रमे, केव्हां तो थकला, त्यानें कोणाला शिकविलें, हें सर्व आपण जाणतों. तेवढें नांव ठाऊक नाहीं. यांतलें कोणतें अमरत्व अधिक खरें, याचा निर्णय ज्याचा त्यानें करावा.

माझें म्हणणें एवढेंच, कीं हें अमरत्व दोघांनीं मिळून घडविलेलें आहे. एकानें दोनतीन द्राख्म्यांच्या भांड्यावरील घोट्याचें हाडहि मन लावून काढलें. आणि अडीच हजार वर्षांनीं दुसर्‍यानें तितक्याच मन लावून तें पाहिलें. पहिल्याचें काम भट्टींतून बाहेर पडलें तेव्हांच पुरें झालें होतें. दुसर्‍याचें काम पुरें होत नाहीं. तें पाहणार्‍या प्रत्येकाच्या वांट्याला येतें. पुढें केव्हां एखाद्या संग्रहालयांत कांचेच्या पेटीशीं उभे राहण्याचा योग आला आणि खालच्या चिठ्ठीवर कर्त्याचें नांव नसलें, तर तसेच पुढें जाऊं नका. क्षणभर थांबून ती रेषा पाहा.